उतरताना कुणी बोलायचं नाही

३ मार्च

चि. भाऊजी,

आशीर्वाद. इकडे सगळं जागच्या जागी. तुमचे दादा जेवतात, झोपतात, उजवा हात आता कोपरापर्यंत हलतो. आता कामाचं लिहिते.

मला नवा कॉम्प्युटर घ्यायचाय. विमान उडवायला.

मागे जाऊन पुन्हा वाचू नका, तेच लिहिलंय. चिरंजीव परदेशी जाताना त्यांचं जुनं मशीन इथेच ठेवून गेले. त्यात विमान चालवायचा प्रोग्राम आहे. खेळ म्हणतात त्याला, पण त्यात खेळण्यासारखं काही नाही. वारा खरा, ढग खरे, इंधन संपलं तर खरोखर संपतं. ह्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत मी औषधाच्या दुकानापलीकडे गेलेली नाही. एका दुपारी धूळ पुसताना ते मशीन सुरू केलं, ते आजपर्यंत. पहिल्या महिन्यात बावीस वेळा आपटले. वहीत नोंद आहे. आता आडव्या वाऱ्यातसुद्धा उतरते.

पण मशीन थकलंय. आकाशात बरं चालतं. मोठ्या विमानतळावर उतरायला लागलं की चित्र गोठतं, मग एकदम उडी मारतं. ज्या देवाच्या गावी मी यात्रेला जाणार होते ते मोठं शहर आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे अकरा वेळा गेले आणि अकराही वेळा दारातून परत फिरले. मला तिथे उतरायचंय. यात्रेसाठी ठेवलेले पैसे ह्यात घालणार. देवाला सांगून झालंय, तेव्हा तुम्ही मध्ये पडू नका.

औषधाच्या दुकानाशेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले होते. कुठल्याही वस्तूला "गॅरंटी आपली" म्हणतो, म्हणून सगळे त्याला गॅरंटीच म्हणतात. विचारतो, "नातवासाठी का, काकू?" म्हटलं, "माझ्यासाठी." तर दात काढून हसला आणि एक खोकं दाखवलं. आत लाल-निळे दिवे फिरत होते. लग्नाच्या वरातीला घेऊन जावं असं. म्हणून तुम्हाला लिहितेय. ऑफिसातली दोनशे मशीनं सांभाळता, वहिनीचं एक सांभाळा.

माझ्या अटी दोनच. स्पीकर नकोत, उंचीचे आकडे बोलून दाखवणारा यंत्राचा आवाज मी बंद ठेवते. आणि पडदा मोठा हवा, उंचीचा आकडा चार हातांवरून वाचता आला पाहिजे. का ते विचारू नका.

फोन करू नका. फोन ह्यांच्या उशाशी असतो. शिवाय तोंडी ठरलेलं काम मला मानवत नाही.

वहिनी

*

९ मार्च

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार, आणि तोही जमिनीवरून, कारण पत्र वाचून खुर्चीवरून खाली आलो. धाकटीला, म्हणजे तुमच्या जावेला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जाऊबाईंना जरा बदल हवाय. आठ दिवस इकडे येऊ देत." मी म्हटलं, येतील, पण उतरायला गच्ची रिकामी करून ठेव.

वहिनी, चेष्टा पुरे. तुम्हाला एक हलका लॅपटॉप घेऊन देतो. त्यावर प्रवचनं ऐका, देवळांची दर्शनं बघा, चिरंजीवांशी बोला. अर्ध्याहून जास्त पैसे उरतील. यात्रेचे पैसे यात्रेला राहू द्या. चार हातांवरून आकडे वाचायचेत म्हणता, त्यासाठी कॉम्प्युटर कशाला, चष्मा बदला!

आणि हट्टच असला तर एक सरळ नियम सांगतो. चित्र अडकतं म्हणजे ग्राफिक्स कार्ड कमी पडतं. जुन्याच मशीनमध्ये मोठं कार्ड बसवा. महाग पडेल, पण खेळ म्हटला की कार्ड.

दादा कसा आहे, खरं सांगा. दर रविवारी फोन करतो, तुम्ही म्हणता झोपलाय. ज्या माणसाने तीस वर्षं स्टेशनवर गाड्या पुकारल्या, ज्याच्या आवाजावर हजार माणसं धावत सुटायची, त्याची वाचा गेली हे मला ठाऊक आहे. त्याने बोलू नये. नुसता श्वास ऐकवलात तरी चालेल.

तुमचा धाकटा

*

१४ मार्च

चि. भाऊजी,

धाकटीला सांगा, बदल मला रोज दुपारी दोन ते चार मिळतो. कालच समुद्रावरून आले.

प्रवचनं मी पस्तीस वर्षं उभ्याने भांडी घासत ऐकलीत. आता बसून काहीतरी करायचंय.

तुमचा नियम वाचला आणि वहीशी ताडून पाहिला. जुळत नाही. प्रत्येक फेरीला मी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा लिहून ठेवते, सेकंदाला किती चित्रं येतात तो. खाली उतरवून देते.

समुद्रावर: चाळीस. डोंगरावर: अडतीस. लहान धावपट्टी: चौतीस. देवाचं शहर, उतरताना: अकरा. कधी नऊ.

मग मी चित्राचा दर्जा अगदी तळाला नेला. झाडं म्हणजे हिरवे ठिपके, इमारती म्हणजे काडेपेट्या. समुद्रावर चाळिसाचे सत्तर झाले. आणि देवाच्या शहरात? अकराच. तीन दिवस, तीन वेळा, अकरा.

आता मला सांगा. मी मॅट्रिक आहे, तुम्ही इंजिनिअर. आत दोन नोकर आहेत असं मी धरून चालते. एक हिशेबनीस, तो कुठलं विमान कुठे, वारा किती, सगळं मोजतो. दुसरा रंगारी, हिशेबनिसाने सांगितलेलं रंगवतो. मी रंगाऱ्याचं काम निम्म्यावर आणलं तरी तिथे फरक नाही. म्हणजे तिथे रंगारी हातावर हात ठेवून बसलाय आणि हिशेबनीस घामाघूम झालाय. मोठ्या विमानतळावर शंभर विमानं उभी, सगळ्यांची मोजदाद त्याच्याच गळ्यात. अशा वेळी तुम्ही मला नवा, महागडा रंगारी ठेवायला सांगताय!

चुकत असेन तर कुठे ते लिहा. "वहिनी, तुम्हाला नाही कळणार" असं लिहायचं असेल तर तिकीट वाया घालवू नका.

दादांचं: ते झोपलेले नसतात. त्यांना फोनवर यायचं नसतं. एवढंच मला सांगता येतं.

चष्मा गेल्याच महिन्यात बदललाय.

वहिनी

*

२१ मार्च

ती. वहिनी,

नमस्कार. या वेळी खुर्चीवर ताठ बसून.

तुमचं पत्र ऑफिसात नेलं. आमच्याकडे दोन पोरं आहेत, घरी विमानंच उडवतात आणि ऑफिसात जांभया देतात. त्यांना आकडे वाचून दाखवले. एक म्हणाला, "सर, हे कुणी काढलंय? बरोबर आहे. अडचण प्रोसेसरची आहे." मी म्हटलं, माझ्या वहिनीने. तो म्हणाला, "त्या कुठल्या कंपनीत आहेत?"

तेव्हा कान पकडतो. तुमच्याच भाषेत लिहितो. हिशेबनीस बदलायचा. पण दुकानदार सांगेल की ह्याच्यात सोळा कारकून आहेत, त्याला भुलू नका. या प्रोग्रामचं मुख्य काम एकच कारकून करतो, बाकीचे किरकोळ कामं उरकतात. तो एक किती चलाख, ते बघा. मेमरी बत्तीस जीबी घ्या, सोळा कमी पडेल. कार्ड मधलं पुरे. जुनी फिरती डिस्क नको, नवी घ्या; चित्रं त्यावरून पटापट येतात. डब्याला हवा खेळायला जागा हवी. दिव्यांचे पैसे देऊ नका.

आणि घेण्याआधी तिथेच चालवून बघा. हे मी कुणाला सांगत नाही, कारण कुणी करत नाही. तुम्ही कराल.

तुमचा धाकटा

*

२ एप्रिल

वहिनी,

हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

तुमच्या समोरच्या शिक्षिकाबाईंचा काल फोन आला. त्यांनी नंबर कुठून मिळवला ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, रोज दुपारी तुमचं दार आतून बंद असतं आणि तुमचा आवाज जिन्यापर्यंत येतो. "पुन्हा म्हणा! लवकर! खाली चाललंय, थांबू नका!" कधी "चूक, चूक!" एकदा काही पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग दादाचं विव्हळणं. त्या शेजारधर्म म्हणून बोलल्या.

वहिनी, दोन वर्षं तुम्ही एकट्या केलंत, मी पैशापलीकडे काही केलं नाही, हे मला ठाऊक आहे. माणूस थकतं. चिडतं. पण पलंगाला खिळलेल्या, तोंडातून शब्द न फुटणाऱ्या माणसावर ओरडायचं? आणि त्याच खोलीत विमानं उडवत बसायचं? यात्रेचे पैसे त्यात घालून? मला हिशेबनीस नि रंगारी शिकवलेत, त्या पत्राचं मी कौतुक केलं, याची आज लाज वाटते.

बारा तारखेला गाडी घेऊन येतो. दादाला इकडे आणतो. इथे चांगलं इस्पितळ आहे, धाकटी घरी असते. तुम्हीही या, नाहीतर विश्रांती घ्या. पण दादा येईल.

*

५ एप्रिल

भाऊजी,

गाडी आणू नका.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं, सगळं, एक ओळ न गाळता. शेवटाला विचारलं, "जायचं का?" त्यांनी डाव्या हाताने उशी उचलली आणि भिंतीवर मारली. हे उत्तर मी माझ्या शब्दांत सौम्य करून लिहिणार नाही.

मी ओरडते का? ओरडते. "पुन्हा म्हणा" म्हणते का? म्हणते. उद्याही म्हणेन. का, ते सांगू शकत नाही. एका माणसाला शब्द दिलाय आणि तो माणूस तुम्ही नव्हे. शब्द मोडून तुमच्यासमोर चांगली ठरण्यापेक्षा वाईट ठरलेली बरी. दोन वर्षं ह्यांचं अंग पुसताना मला कुणाचा शेरा लागला नाही, आताही लागत नाही.

समोरच्या बाईंना मी काही विचारलेलं नाही. आज मुद्दाम त्यांच्याकडून वाटीभर साखर मागून आणली. उद्या सव्वा वाटी परत देणार आहे. बसू देत हिशेब लावत.

मशीन घेतलं. ते कसं घेतलं ते ऐका, कारण सल्ला तुमचा होता आणि तुम्ही रागावलात म्हणून सल्ला वाईट होत नाही.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई तासभर येतात, त्या वेळात गेले. पिशवीत चिरंजीवांची बाहेरून लावायची डिस्क, माझी दांडी (विमान वळवायची, हातात धरायची), आणि वही. गॅरंटीला म्हटलं, "ही तीन मशीनं लावून दे, मला चालवून बघायचीत." म्हणतो, "काकू, हे काय भाजी आहे का, दाबून बघायला?" म्हटलं, "भाजीला मी इतके पैसे देत नाही." दुकानात चार पोरं उभी होती, ती खुर्च्या ओढून बसली.

पहिलं दिव्यांचं. देवाच्या शहरात तेवीस. गॅरंटी म्हणाला, "बघा, तुमच्या दुप्पट! सोळा कोअर आहेत!" म्हटलं, "कारकून सोळा आहेत, पण मुख्य कारकून मंद आहे." पोरं हसली. दुसरं चांगलं चाललं, पण मेमरी सोळाची, दहा मिनिटांनी धापा टाकायला लागलं. तिसरं कोपऱ्यात होतं, काळं, साधं, दिवा एकच, तोही चालू-बंदचा. सदतीस. दोनदा धावपट्टीच्या अगदी जवळ आणलं, दोन्ही वेळा पस्तिसाच्या खाली गेलं नाही; चाकं मात्र टेकवली नाहीत, ते घरी. मेमरी बत्तीसची करून द्यायला लावली.

गॅरंटी म्हणाला, "ते कुणी घेत नाही, काकू, दिसायला बरं नाही ना." म्हटलं, "मला त्याच्याशी लग्न नाही करायचं." निघताना त्यानेच खोकं रिक्षात ठेवलं आणि विचारलं, "उतरताना विमानाचं नाक किती वर धरता?" एवढे दिवस हसणारा माणूस!

पडदा मोठा घेतला. चार हातांवरून वाचता येतो.

बारा तारखेला दुपारी दोन ते चार दार उघडणार नाही. आधीच सांगितलेलं बरं.

वहिनी

*

१३ एप्रिल

ती. वहिनी,

मी काल आलो होतो. तुम्हाला कळलं नाही.

गाडी खाली उभी केली आणि तीनला दहा कमी असताना तुमच्या दारासमोर उभा राहिलो. घंटीवर बोट ठेवलं होतं. मनात तीन-चार वाक्यं तयार होती, सगळी कडक.

आतून आवाज आला, "पाचशे."

वहिनी, तो आवाज मी ओळखला नाही असं झालंच नाही. घोगरा होता, अर्धा तोंडातच राहिलेला. पण शेवटचं अक्षर लांबवायची ती सवय! लहानपणी मी शाळेला उशीर केला की त्याच आवाजात "धाकटा प्रवासी त्वरित दाराशी यावा" म्हणायचा.

मग "चार... चा... चार..." आणि तुम्ही ओरडलात, "पुन्हा म्हणा! थांबू नका, खाली चाललंय!" शिक्षिकाबाईंनी सांगितलं होतं, तेच, शब्दाला शब्द. आणि तो ओरडला, "चारशे!" चिडून, जोरात. मग "तीनशे." "दोनशे." "शंभर." तुम्ही एकदम गप्प झालात. "पन्नास. तीस. वीस. दहा."

 आणि दादा हसला. शिक्षिकाबाई ज्याला विव्हळणं म्हणाल्या, ते हे हसणं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं की हसू तसंच येतं.

मी बोट घंटीवरून काढलं. समोरचं दार किलकिलं झालं होतं. बाईंना हात जोडले आणि खाली आलो. ड्रायव्हरने विचारलं, "पेशंट कुठाय?" म्हटलं, "विमानात." 

मला सगळं कळलं. स्पीकर का नको होते, यंत्राचा आवाज का बंद ठेवता, आकडे चार हातांवरून कुणाला वाचायचे होते, शब्द कुणाला दिला होता. आणि मी चष्म्यावर विनोद केला.

वहिनी, क्षमा मागायला तोंड नाही. तुम्ही दादाच्या औषधासाठी यात्रेचे पैसे घातलेत आणि आम्ही काय काय समजलो. आता सगळ्या नातेवाइकांना मी स्वतः सांगणार आहे की वहिनींना विमानाचा सोस नव्हताच, तो सगळा खटाटोप नवऱ्याची वाचा परत आणायला होता. यात्रेचे पैसे मी या पत्रासोबत पाठवतोय. नाही म्हणू नका.

तुमचा, दाराबाहेर उभा राहिलेला,
धाकटा

*

१८ एप्रिल

चि. भाऊजी,

आशीर्वाद. क्षमा केली, पुढच्या वाक्यापर्यंत तरी.

नातेवाइकांना असलं काही सांगितलंत तर तुमच्या घरी येऊन मी स्वतः खोडून काढीन.

नीट वाचा. ते मशीन मी माझ्यासाठी घेतलं. औषध म्हणून घेतलेलं नाही. मला विमान उडवायला आवडतं. चाकं जमीन सोडतात तेव्हा पोटात जे होतं, ते मला आवडतं. पहिले पाच महिने हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे आणि मी एकटी उडवायचे, तेव्हा कुणाचं कसलं औषध चालू होतं? कुणाचंच नाही. मला बरं वाटत होतं, आणि ते कारण मला पुरत होतं.

पुढे एकदा वाऱ्यात उतरताना माझी नजर समोर अडकली होती. यंत्राचा आवाज नेमका बिघडला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "शंभर." मी दचकून दांडी सोडली आणि विमान शेतात घातलं. त्या दिवशीची नोंद वहीत आहे: "आपटले. हे बोलले." त्यानंतर मी यंत्राचा आवाज दुरुस्त केला नाही.

त्यांनी एकच अट घातली, पाटीवर डाव्या हाताने लिहून: धाकट्याला सांगायचं नाही. तीस वर्षं ज्या आवाजाचा तुम्ही अभिमान धरलात, त्याची ही चिंधी तुम्ही ऐकू नये, असं त्यांना वाटायचं. मला पटलं नाही. पण आवाज त्यांचा, तेव्हा निर्णयही त्यांचा.

जुनं मशीन चारशेवर गोठायचं आणि एकदम शंभरावर यायचं. ह्यांचा "चारशे" अर्धा तोंडात असायचा, तोवर तो आकडाच नाहीसा. मग दोन दिवस पुन्हा भिंत. म्हणून घाई होती, एवढं खरं आहे. पण मला त्या शहरात उतरायची घाई त्याआधीपासून होती, हेही खरं. दोन्ही खरं लिहा, नाहीतर काहीच लिहू नका. बाईमाणसाने काही हौसेनं केलं की लोक आधी हसतात, आणि हसता येईनासं झालं की त्यालाच 'त्याग' म्हणून मोकळे होतात. मला दोन्ही नको. देवासाठीही केलेलं नाही. देवाने काही मला विमान चालव म्हणून सांगितलं नव्हतं. त्याने नाही म्हटलं नाही, एवढी त्याची कृपा.

पैसे परत पाठवतेय. यात्रा झाली. तुम्ही दाराबाहेर उभे होतात, तेव्हा आम्ही तिथेच उतरलो. इतक्या खेपा दारातून परत फिरले, या खेपेला चाकं टेकली. उतरल्यावर मी दांडी सोडून हात जोडले आणि विमान धावपट्टीवरून गवतात गेलं, त्यावर हे हसले. तुम्ही जे हसणं ऐकलंत ना, ते माझ्यावर होतं.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. तुम्ही ऐकलंत हे कळल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. वाटलं, मी शब्द न मोडताही तो मोडला गेला. मग पाटी मागितली. पाटी दिली, तर ती बाजूला सरकवली आणि तोंडाने बोलायला लागले. वीस मिनिटं लागली. तीनदा चिडले, एकदा मी चिडले. मी मध्ये एकही शब्द घातलेला नाही. ते म्हणाले ते असं:

"धाकट्या. रविवारी ये. दोनच्या आत. मागे बसायचं. उतरताना कुणी बोलायचं नाही. मी बोलतो."

वहिनी